पाचशे की साडेसातशे

गेल्या चार महिन्यांत इथे काही लिहून झालं नाही, त्याला कारण शेजारचं गॅरेज. दोन-तीन जणांनी मेल करून विचारलं, आत्याने तर फोनच केला, की बाबा रे, बरा आहेस ना? बरा आहे. संध्याकाळी हापिसातून आलो की चहाचा कप घेऊन शेजारी जायचं आणि हिने जेवायला हाक मारली की हात पुसत परत यायचं, असा क्रम चालला होता. विषय एकच. कार्बुरेटर कुठला घ्यायचा. ही म्हणाली, "आपण हे घर घेतलं तेव्हा तीन आठवड्यांत निर्णय झाला होता."

तर आज तेच लिहितो. ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांनी आकडे गाळून वाचलं तरी चालेल, पण मग गोष्ट अर्धीच कळेल हे आधीच सांगून ठेवतो.

आमचे शेजारी आता ८१ वर्षांचे आहेत. उभा जन्म डाय-मेकर म्हणून काढला. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', पण माझ्या डोक्यात ते पहिल्या दिवसापासून 'अहो आजोबा'च आहेत, म्हणून इथेही तसंच लिहितो. त्यांच्याकडे एक स्ट्रीट रॉड आहे. हा प्रकार आपल्याकडे नाही, त्यामुळे थोडं सांगायला हवं. साधारण १९४८ पर्यंतची जुनी गाडी घ्यायची, रूप तेच ठेवायचं आणि आत नवं इंजिन, नवे ब्रेक, नवा गिअरबॉक्स घालून ती रोजच्या रस्त्यावर पळवायची. शर्यतीसाठी नाही, प्रदर्शनात काचेआड ठेवायलाही नाही. महायुद्धाच्या आधीपासून कॅलिफोर्नियात पोरं जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड काढून कोरड्या तळ्यांच्या सपाट मैदानावर पळवत, तिथून हे वेड सुरू झालं. आता त्यातली पोरं आजोबा झाली आहेत. इथून दोन-अडीच तासांवर लुईव्हिलला उन्हाळ्यात त्यांचा मोठा मेळा भरतो. एकदा मीही गेलो होतो. जत्रेला जावं तसंच वाटतं, फक्त पाळण्याऐवजी व्ही-८.

आजोबांची गाडी १९२९ ची फोर्ड मॉडेल ए, वरून उघडी, दोन माणसांची. मूळ गाडीला चार सिलिंडरचं २००.५ घनइंचाचं इंजिन होतं आणि ते ४० अश्वशक्ती देई. आजोबांच्या गाडीत आहे फोर्डचंच ३०२ घनइंचाचं व्ही-८, म्हणजे जवळजवळ ५ लिटर. फोर्डच्या गाडीत फोर्डचंच इंजिन हवं, हा त्यांचा हट्ट. अशा गाड्यांत पुष्कळ लोक शेव्हरलेचं इंजिन बसवतात. ते स्वस्त पडतं आणि त्याचे पार्ट कुठेही मिळतात. पण शेव्हरलेचा डिस्ट्रिब्युटर मागे असतो आणि तो गाडीच्या पुढच्या पत्र्याला अडतो. फोर्डचा पुढे असतो. हे कारण ते सगळ्यांना सांगतात. खरं कारण घराणं हेच.

गाडीचं वजन आम्ही ट्रकच्या काट्यावर केलं. २,२०० पौंड, म्हणजे १,००० किलो. आपली मारुती ८०० साडेसहाशे किलोच्या आसपास होती आणि इंजिन ७९६ सीसी. म्हणजे वजन दीडपट आणि इंजिन सहापट. गिअरबॉक्स टी-५, हाताने बदलायचा, पाच गिअरचा, जुन्या मस्टंगमधून काढलेला.

इथे गोष्टीतली अडचण सुरू होते. आजोबांचा डावा गुडघा गेलेला आहे. क्लच डाव्या पायाने दाबायचा असतो. गेल्या उन्हाळ्यात ते सिग्नलला न्यूट्रल करून थांबायला लागले. मग गावातल्या सिग्नलांचा रस्ताच टाळायला लागले. मग गाडी गॅरेजातच राहायला लागली. त्यांचा मुलगा वारंवार सांगतो, "बाबा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टाका, आणखी दहा वर्षं चालवाल." बोलणं अगदी बरोबर होतं. त्यावर आजोबा काही बोलत नसत. ते मला म्हणायचे, "तू इंजेक्शनवाला आहेस ना, मला एक चांगला कार्बुरेटर सुचव."

मी म्हटलं, आधी गिअरबॉक्सचं ठरू दे.

आता कोणी म्हणेल, गिअरबॉक्सचा आणि कार्बुरेटरचा संबंध काय? आहे, आणि बराच आहे. ऑटोमॅटिक घातला तर कार्बुरेटरच्या थ्रॉटलला एक केबल किंवा दांडी जोडावी लागते, त्यावरून गिअरबॉक्सला कळतं की चालकाने पाय किती दाबलाय. फोर्डच्या एओडी या गिअरबॉक्सची ही दांडी नीट जुळली नाही तर आतल्या क्लचच्या चकत्या जळतात. त्यामुळे कार्बुरेटर निवडताना ती जोडणी त्याला बरोबर बसते का, हे आधी बघायला लागतं. दुसरं म्हणजे सिग्नलला ऑटोमॅटिक गाडी गिअरमध्येच उभी असते, इंजिनावर भार असतो, त्यामुळे मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम कमी असतो. हॉलीसारख्या कार्बुरेटरमध्ये पॉवर व्हॉल्व्ह नावाची एक पडदी असते; व्हॅक्यूम ठरावीक आकड्याखाली गेला की ती उघडते आणि जादा पेट्रोल सोडते. ती निवडायची ढोबळ रीत अशी की आयडलचा व्हॅक्यूम मोजा आणि त्याच्या निम्म्या आकड्याची घ्या. हाताच्या गिअरला हा आकडा न्यूट्रलमध्ये मोजायचा, ऑटोमॅटिकला 'ड्राइव्ह'मध्ये. म्हणजे इंजिन तेच आणि गाडी तीच असली तरी आकडा बदलतो.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. हाताच्या गिअरमध्ये दर गिअरला आपण पाय काढतो आणि पुन्हा दाबतो. पाय दाबताक्षणी हवा लगेच आत धावते, पण पेट्रोल जड, ते मागे रेंगाळतं. ती फट भरायला कार्बुरेटरमध्ये छोटी पिचकारी असते, ॲक्सिलरेटर पंप. ऑटोमॅटिकमध्ये पाय दाबलेलाच राहतो, गिअर आपोआप पडतात. हाताच्या गिअरमध्ये गावातून एक चक्कर मारली की पिचकारी शंभर वेळा उडते. ती थोडी कमी पडली की गाडी गचका खाते, जास्त झाली की प्लग काळे. मिरजेला मामाच्या गॅरेजात "पिकअप घेत नाही" म्हणून आलेल्या स्कूटरी मामा ज्या जागी पहिल्यांदा हात घालायचा, ती जागा हीच. (मामा 'कार्बेटर' म्हणायचा आणि जेट तोंडाने फुंकून उजेडात धरून बघायचा. मी इंजिनिअर झालो, प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपखाली इंजेक्टर तपासले, तरी जेट हातात आलं की ते ओठांकडेच जातं.)

आजोबांच्या गॅरेजच्या फळीवर एक कार्बुरेटर कितीतरी वर्षं फडक्यात गुंडाळून ठेवलेला आहे. ७५० सीएफएमचा डबल पंपर. चाळिशीत कुठल्याशा जुन्या बाजारात घेतलेला. तोच गाडीवर होता आणि गाडी नीट चालत नव्हती: थंड असताना मिसिंग, गावात प्लग काळे, डोळे चुरचुरतील इतका पेट्रोलचा वास. त्यात कार्बुरेटरचा दोष काही नव्हता, तो उत्तम वस्तू आहे. पण तो कशासाठी उत्तम, हा प्रश्न होता. आजोबांचं म्हणणं, आणि इकडच्या जुन्या मंडळींत हा नियम पाठच असतो: गाडी हलकी आणि गिअर हाताचा, तर डबल पंपर, गाडी जड आणि ऑटोमॅटिक, तर व्हॅक्यूम सेकंडरी.

नियमामागे कारण आहे. चार तोंडांच्या कार्बुरेटरमध्ये दोन तोंडं नेहमीची आणि दोन जोराच्या वेळची, त्यांना सेकंडरी म्हणतात. डबल पंपरमध्ये ही मागची तोंडं थेट पायाशी जोडलेली असतात, पाय दाबला की उघडली. इंजिन त्या वेळी हळू फिरत असेल तर एवढ्या मोठ्या तोंडातून हवेचा वेगच उरत नाही, पेट्रोल ओढलं जात नाही, आणि गाडी क्षणभर मरगळते. म्हणून मागेही दुसरी पिचकारी, म्हणून 'डबल'. हलक्या गाडीत इंजिन पटकन वेग घेतं, त्यामुळे ती मरगळ जाणवण्याआधीच निघून जाते. जड गाडीत ती रेंगाळते. म्हणून तिथे व्हॅक्यूम सेकंडरी. पुढच्या तोंडातली हवा पुरेशी जोरात वाहायला लागली की तिच्याच ओढीने एक पडदा हलतो आणि मागची तोंडं हळूहळू उघडतात. इंजिनाने मागितलं तर द्यायचं, न मागता वाढायचं नाही. (गाडी उभी असताना नुसतं रेस करून ती उघडतात का बघणारे पुष्कळ असतात. भार नसेल तर ती उघडत नाहीत. पडद्याच्या दांडीला कागदाची क्लिप लावून गाडी पळवून आणायची. क्लिप किती सरकली त्यावरून कळतं.)

पण हा नियम सेकंडरी कशा उघडाव्यात हे सांगतो. कार्बुरेटर केवढा असावा हे सांगत नाही. लोक दोन्ही एकत्र करतात आणि हलकी गाडी म्हणून मोठा कार्बुरेटर घेतात. माझं भांडण तिथे होतं.

सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. ३०२ घनइंचाचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं, म्हणजे एका फेरीत १५१ घनइंच. मिनिटाला ५,५०० फेरे धरले तर ८,३०,५०० घनइंच. एका घनफुटात १,७२८ घनइंच. भागाकार केला की ४८० घनफूट आले. आणि साधं इंजिन पूर्ण भरत नाही, ८५ टक्के भरलं तरी चांगलं. म्हणजे ४०८. गाडीने जीव तोडून पळावं तेव्हा तिला ४०८ घनफूट हवा लागणार, आणि फळीवर बसलाय ७५० चा.

आजोबा म्हणाले, "जास्त असलं म्हणून बिघडलं काय?"

हा प्रश्न चांगला आहे. चार तोंडांच्या कार्बुरेटरचा आकडा काढताना त्याच्यावर दीड इंच पाऱ्याइतका दाब-फरक धरतात. हवा दुप्पट तर फरक चौपट, या हिशेबाने ४०८ घनफूट हवा ५०० च्या कार्बुरेटरमधून गेली तर फरक साधारण १ इंच पडतो. ७५० च्यातून गेली तर अर्ध्या इंचाच्याही किंचित आत. बाहेरची हवा जवळजवळ ३० इंचांची. म्हणजे मोठ्या कार्बुरेटरने हवा वाढली फार तर दोन टक्के. अडीचशे अश्वशक्तीत पाच. हा फायदाही फक्त पाय तळाला टेकलेला असताना आणि इंजिन शेवटच्या टोकाला असताना. आणि पहिल्या गिअरमध्ये तर तेही नाही, कारण टी-५ चा पहिला गिअर ३.३५, मागचा दाता ३.५५, गुणाकार जवळजवळ १२. एवढ्या हलक्या गाडीत अर्धा पाय दाबला की चाकं जागीच फिरतात. हवा कोणाला हवीय!

उलट बाजू बघा. पाचव्या गिअरमध्ये ताशी ६० मैलांनी चाललं की हे इंजिन मिनिटाला १,७५० च्या आसपास फिरतं. १,००० किलोची गाडी सपाट रस्त्याने त्या वेगात ढकलायला लागतं किती? इंजिन अक्षरशः झोपेत चालतं. थ्रॉटल इतकी थोडी उघडी असते की पेट्रोल मुख्य जेटमधून येतच नाही धड. आयडलच्या भोकांतून आणि त्याच्या वरच्या फटीतून येतं. जड गाडीत हा प्रश्न कमी, कारण तिला ढकलायला पाय जास्त लागतो आणि मुख्य जेट कामाला लागतं. हलकी गाडी आणि लांब पाचवा गिअर, या जोडीत कार्बुरेटर सगळा प्रवास उंबऱ्यावर उभा असतो, ना घरात ना बाहेर. अशा वेळी पुढची तोंडं लहान हवीत, म्हणजे थोड्याशा हवेलाही वेग राहतो. माझ्या मते हलक्या रॉडसाठी सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे, आणि मेळ्यात भेटलेल्या माणसांपैकी एकानेही तो काढला नाही. सगळे पूर्ण पाय दाबल्यावरचंच बोलतात. पूर्ण पाय आपण दिवसातून किती सेकंद दाबतो?

मग इंजेक्शनच का नाही, असं मला हापिसातल्या सगळ्यांनी विचारलं. कार्बुरेटरच्या जागी बसणारं, स्वतः शिकणारं इंजेक्शन आता मिळतं, आणि चांगलं असतं. माझी भाकरीच त्यावर आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्याला जास्त दाबाचा पंप, बहुतेक वेळा टाकीकडे परतीची नळी, स्वच्छ वायरिंग, हे सगळं लागतं, आणि बिघडलं तर लॅपटॉप किंवा तशीच काहीतरी पाटी. आजोबा म्हणाले, "जे स्क्रू-ड्रायव्हरने उघडत नाही ते मला कुणाला शिकवता येणार नाही." 'कुणाला' हा शब्द मी तेव्हा ऐकला आणि सोडून दिला. (आपल्याकडेही २०२० साली बीएस-६ आलं आणि नव्या दुचाकींतून कार्बुरेटर जवळपास गेलाच. आता स्कूटर तिरकी करून किक मारणारा माणूस पाहिलेली ही शेवटची पिढी.)

मे महिन्यात मी माझ्या ओळखीच्या एकाकडून ५०० चा एडलब्रॉक महिनाभरासाठी मागून आणला. हे डिझाइन मूळचं कार्टर कंपनीचं, १९५७ चं, आणि मला ते फार आवडतं. यात सेकंडरीच्या खालच्या झडपा पायानेच उघडतात, पण त्यांच्यावर आणखी एक वजन लावलेली झडप असते, ती हवेच्या ओढीनेच उघडते. म्हणजे आजोबांचा नियमही पाळला आणि माझाही. दुसरी गंमत म्हणजे पुढच्या जेटांत दोन बारीक सळया उतरलेल्या असतात, मीटरिंग रॉड. व्हॅक्यूम जास्त असला की त्या खाली ओढल्या जातात, जाड भाग जेटमध्ये येतो, पेट्रोल कमी. पाय दाबला की स्प्रिंग त्यांना वर ढकलते, बारीक भाग येतो, पेट्रोल जास्त. या सळया बदलायला कार्बुरेटर उघडावा लागत नाही. वर दोन छोटी झाकणं, एकेक स्क्रू. पेट्रोलचा थेंब सांडत नाही. हॉलीमध्ये जेट बदलायचं तर बाजूची वाटी काढायला लागते आणि पेट्रोल मॅनिफोल्डवर सांडतं. बाकी हॉलीत करण्यासारखं जास्त आहे, हेही खरं. शर्यतवाले उगाच नाही त्याच्या मागे.

बसवला, पेट्रोलचा दाब साडेपाच पौंडांवर आणला, कार्बुरेटरखाली उष्णता अडवणारा ठोकळा घातला (आजच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, ते उन्हात लवकर उकळतं), आणि डॅशबोर्डवर व्हॅक्यूमचं घड्याळ चिकटपट्टीने लावून महामार्गाच्या चढत्या रस्त्यावर घेतली. गाडी मी चालवत होतो, आजोबा घड्याळाकडे बघत होते. दुसऱ्या गिअरमध्ये ५,५०० ला ताशी ६५ मैल होतात, तेवढं करता येतं. पाय तळाला. आजोबा ओरडून म्हणाले, "एक! एकच!" एक इंच. कागदावर आला होता तेवढाच. इतकी वर्षं या धंद्यात आहे तरी कागदावरचा आकडा घड्याळात दिसला की मला अजून शहारा येतो.

परत येताना गाडी गावातून आणली. एकही गचका नाही. तिसऱ्या गिअरमध्ये १,२०० ला सोडून दिली तरी कुरकुर नाही. आजोबा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं ७५० चं वाईट वाटलं असेल. गॅरेजात गाडी लावल्यावर ते म्हणाले,

"डेन्व्हरला याला काय करावं लागेल?"

आम्ही राहतो डेटनला, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे फुटांवर. राइट बंधूंचं गाव. (त्यांच्या १९०३ च्या विमानाचं इंजिन याच गावात झालं, आणि त्याला आपण म्हणतो तसा कार्बुरेटर नव्हताच. पेट्रोल वरून एका डब्यात पडायचं आणि तापलेल्या पत्र्यावर वाफ व्हायचं. उडाले तरी.) डेन्व्हर ५,२८० फुटांवर. तिथे त्यांची नात असते. मागच्या दोन उन्हाळ्यांत ती इकडे आली होती आणि याच गाडीवर क्लच शिकली. वर्गातल्या मुलांना हाताचे गिअर येत नाहीत आणि हिला येतात याचा आजोबांना केवढा अभिमान.

मी काही विचारलं नाही. नुसतं उत्तर दिलं. तिथे हवा विरळ, इथल्यापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी. कार्बुरेटरला हे कळत नाही. पेट्रोल हवेच्या ओढीने येतं आणि ते घनतेच्या वर्गमुळाने कमी होतं, म्हणजे हवा १५ टक्के घटली तर पेट्रोल जेमतेम ८ टक्के घटतं. उरलेलं जास्तीचं. गाडी जडावते, प्लग काळे होतात. जाड सळया घातल्या की काम झालं. दहा मिनिटं. पुढे डोंगरात चढली, आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत, तर तो ११,००० फुटांच्याही वर आहे, तिथे थोडी दम खाईल, पण चालेल.

"म्हणजे तिला जमेल."

"जमेल."

"मग आणखी एक सांगतो. ऑटोमॅटिक घातला तर ही गाडी माझी राहते," ते म्हणाले. "टी-५ ठेवला तर तिची होते. पोराला ते कळत नाही. त्याला वाटतं मी हट्टी आहे."

तेव्हा मला कळलं की हे चार महिने आम्ही कशाचा हिशेब करत होतो. कार्बुरेटर गिअरबॉक्सवर अवलंबून, हे मी पहिल्या दिवशी त्यांना सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ते दोन्हींचा निर्णय एकत्रच लांबवत होते. दहा वर्षं आणखी चालवता आली असती त्यांना. मुलगा खोटं बोलत नव्हता. मी घरी येऊन हिला सांगितलं. तीही गप्प बसली, मग म्हणाली, "आईंनी पाटल्या मोडून नव्या करायला नको म्हटलं होतं, आठवतं? तशाच दिल्या मला." मला ती तुलना तेव्हा पटली नव्हती. आता थोडी पटते.

नवा ५०० चा मागवला. इलेक्ट्रिक चोकचा, कारण डेन्व्हरची थंडी. नात जुलैत आली. आजोबांनी तिला गॅरेजात स्टुलावर बसवून सळया काढायला लावल्या, घालायला लावल्या, पुन्हा काढायला लावल्या. पहिल्यांदा स्प्रिंग उडून कुठेतरी गेली, ती आम्ही तिघे टॉर्च घेऊन शोधत होतो. चौथ्या वेळी तिने सहा मिनिटांत केलं. मी एका बिस्किटांच्या डब्यात तीन जोड्या सळया, वेगवेगळ्या रंगांच्या स्प्रिंगा, दोन गॅस्केट आणि एक कागद घालून दिला. कागदावर फूट आणि समोर कुठली सळई, एवढंच. आजोबांनी तो वाचला आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं की उतारावर गिअरमध्ये ठेव, ब्रेकवर बसू नकोस.

गाडी ट्रेलरवर चढवून गेली. मुलगा आला होता, तो बापाशी जेमतेम बोलला, पण ट्रेलरचे पट्टे त्यानेच तीनतीनदा ओढून पाहिले.

गेल्या आठवड्यात नातीने प्लगचे फोटो पाठवले. आठही फिकट तपकिरी. फक्त सातवा किंचित काळपट आहे, त्यावर आमची चर्चा चालू आहे. मला वाटतं वायर, आजोबांना वाटतं व्हॉल्व्हचं सील. ७५० फडक्यात गुंडाळून फळीवर परत गेला आहे. तो विकायचा का, असं मी विचारलं तर उत्तर मिळालं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, त्यांना दवाखान्यात न्यायला-आणायला मी सुट्टी टाकली आहे.